देवाच्या विरोधात अडुसष्ट हात

सज्जात बसल्या बसल्या तुम्ही सवयीने खिसा चाचपता. मोबाइल आहे, पण त्याला रेंज मिळायला अजून पन्नासएक वर्षं आहेत. सोमवार, १७ ऑक्टोबर १९४९. दिल्लीचं कौन्सिल हाउस, मधलं घुमटाखालचं सभागृह. खाली खादीचा पांढरा पसारा, मधूनच एखादी शेरवानी, एखादा सूट. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद. तुमच्या शेजारी काळा कोट घातलेले, धोतर नेसलेले एक म्हातारे वकील बसले आहेत. तुम्ही मराठीत काहीतरी पुटपुटलात, ते त्यांनी ऐकलं आणि सरकून जागा दिली.

"कुठले म्हणायचे?"

"पुण्याचे."

"आम्ही साताऱ्याचे. बसा. आज देवाचा निकाल आहे."

खरंच आहे. घटनेची कलमं मंजूर होत आली, उद्देशिका मुद्दाम शेवटी ठेवली होती, ती आज चर्चेला आली आहे. हरि विष्णु कामथ उभे राहतात. आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेला हा माणूस. उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' व्हावी अशी त्यांची दुरुस्ती. आसामचे रोहिणीकुमार चौधरी उठून म्हणतात, ईश्वरच का, देवी का नाही? आम्ही कामाख्येच्या मुलखातले शक्तिपूजक. सज्जात हशा पिकतो. पूर्णिमा बॅनर्जी काकुळतीला येऊन कामथांना विनवतात की देवाला मतदानाला उभं करू नका. हृदयनाथ कुंझरू म्हणतात, ज्या उद्देशिकेत श्रद्धेचं स्वातंत्र्य देतो तिच्याच पहिल्या ओळीत श्रद्धेची सक्ती कशी करता? राजेंद्रप्रसादही दुरुस्ती मागे घ्यायचं सुचवून पाहतात, पण कामथ ऐकत नाहीत. त्यांना मतमोजणी हवी.

हात वर होतात. बाजूने ४१, विरुद्ध ६८. देव पडला.

कामथ चिडून म्हणतात की हा आपल्या इतिहासातला काळा दिवस आहे. वकीलसाहेब मात्र खाली वाकून त्या अडुसष्टांकडे निरखून बघत आहेत. "यातले निम्मे तरी सकाळी स्नानसंध्या करून आलेत," ते म्हणतात.

तुम्ही इथवर आलात ते घरातल्या एका वादापायी. कुणी म्हणालं होतं, आपली राज्यघटना मुळात पुराणमतवादी आहे, इंग्रजाचं जुनं राज्य नव्या अक्षरात लिहिलेलं. दुसरं कुणी म्हणालं, छे, उलट ती डावी, परंपरेवर उठलेली. दोघांकडे पुरावे होते. देवाला अडुसष्ट हात नाकारतात म्हटल्यावर दुसऱ्याची बाजू जिंकली असं वाटून तुम्ही उठू लागता, पण वकीलसाहेब तुमचा हात धरून बसवतात. "थांबा, गांधींचं राहिलंय."

शिब्बनलाल सक्सेनांच्या दुरुस्तीत देवासोबत महात्मा गांधींचंही नाव होतं. त्यावर बिहारचे ब्रजेश्वर प्रसाद उठतात आणि सांगतात की गांधींचं नाव या घटनेत घालू नका, कारण ही गांधींची घटना नव्हेच. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचे निवाडे आणि इंग्रजांचा १९३५ चा कायदा पुन्हा लिहिलाय, बस. सक्सेना दुरुस्ती मागे घेतात. एका सकाळीच देव पडला आणि गांधीही बाहेर राहिले. गांधी बाहेर राहिले ते मात्र घटनेत जुनं फार शिल्लक आहे म्हणून!

ब्रजेश्वर प्रसाद बोलले ते खोटं नाही. पडताळायचं तर आठवडाभर मागे जायला हवं.

१० ऑक्टोबर. आता सरदार पटेल बोलत आहेत. विषय रूक्ष, आयसीएस अधिकाऱ्यांच्या नोकरीच्या शर्तींना घटनेत हमी द्यायची. अनंतशयनम अय्यंगार विरोधात बोललेले. सभागृहात कितीतरी जण असे आहेत की ज्यांना याच आयसीएसवाल्यांनी तुरुंगात टाकलं, ज्यांच्या घरांवर जप्ती आणली. त्यांनाच आता या साहेबांच्या पगार-पेन्शनची ग्वाही द्यायची आहे. पटेलांचा आवाज चढतो. या माणसांशिवाय देश एकसंध राहणार नाही, आपण त्यांना शब्द दिलाय, तो पाळायचा नसेल तर ही घटना बाजूला ठेवा आणि दुसरी कोणतीही आणा. खाली चुळबूळ होते. कलम मंजूर होतं.

तुमच्या अंगावर काटा येईल असं त्यात काही नाही. पण पुराणमतवादी राज्यकर्ता पाहायचा असेल तर तो हा. त्याला जुन्या व्यवस्थेचं प्रेम नाही, तिच्यावाचून काय होईल याचा धसका आहे. फाळणी होऊन दोन वर्षं झालीत, निर्वासितांच्या छावण्या अजून उठलेल्या नाहीत, हैदराबादवर फौजा धाडून जेमतेम वर्ष झालंय. अशा वेळी यंत्र उघडून बसायचं नाही, हे त्यांनी ठरवलेलं. दोन दिवसांनी, १२ तारखेला, हेच पटेल संस्थानिकांच्या तनख्यांचं समर्थन करतील. राज्यं सोडल्याच्या बदल्यात शब्द दिलाय, तो पाळा.

अजून मागे चला. ४ नोव्हेंबर १९४८. वकीलसाहेब एक वर्षाने तरुण आहेत, त्यामुळे तुम्हाला ओळखत नाहीत. डॉ. आंबेडकर मसुदा मांडत आहेत. ३१५ कलमं, ८ परिशिष्टं. प्रकृती बरी नाही, तरी आवाज खणखणीत. १९३५ च्या कायद्यातून उचल केल्याचा आरोप ते मोकळेपणी कबूल करतात. लाज वाटावी असं त्यात काही नाही. खंत एवढीच की घेतलंय ते बहुतेक कारभाराचे तपशील आहेत. मग ते मुद्द्याला हात घालतात. कारभाराचे तपशील घटनेत लिहावेच लागतील, कारण संविधानिक नीती ही काही जन्मतः अंगी येत नाही, ती रुजवावी लागते. आपली माती लोकशाहीची नाही, वरवर पसरलेला लोकशाहीचा थर तेवढा आहे. संविधानाला हात न लावता नुसता कारभाराचा साचा बदलूनही त्याचा प्राण काढता येतो.

ऐका नीट. पाश्चात्त्य पुराणमतवादाचा आद्यपुरुष मानला जाणारा एडमंड बर्क फ्रेंच क्रांतीवर जे म्हणत होता, त्याच्याशी हे किती जवळचं आहे! कागदावर आदर्श लिहून समाज बदलत नाही, संस्था हळूहळू मुरतात. फरक एवढाच की बर्कचा परंपरेवर विश्वास होता. आंबेडकरांचा काडीइतका नाही. पुढच्याच दमात ते खेड्यांवर घसरतात. गावगाडा म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं डबकं. मसुद्याने गाव टाकून व्यक्तीला एकक मानलं याचा त्यांना आनंद आहे. सभागृहात खळबळ. पुढचे काही दिवस कामथ, रंगा आणि इतर अनेक जण यावर तुटून पडणार आहेत. अस्पृश्यता भोगलेल्या माणसाला गावाबद्दल काय वाटावं हे विचारायला मात्र कुणी उठत नाही.

इथेच पाणी मुरतं आहे. दिल्लीच्या सत्तेची रचना, नोकरशाही, वटहुकूम, राज्यपाल, आणीबाणी या सगळ्या बाबतींत हे लोक पावलापावलाला जुनं धरून आहेत. पण जात, अस्पृश्यता, मतदान, स्त्री-पुरुष समानता यांच्या वाटेला गेले की तीच माणसं एका फटक्यात हजारो वर्षं ओलांडतात. यंत्र जुनं ठेवल्याशिवाय हा फटका मारता येणार नाही, अशी आंबेडकरांची आणि पटेलांचीही वेगवेगळ्या कारणांनी खात्री होती, असं आमचं मत. गावाच्या हाती सत्ता दिली असती तर गावाने महारवाड्याला विहीर उघडली असती का? त्यासाठी दिल्लीतली दणकट सत्ता हवी होती, आणि तयार सत्ता इंग्रज सोडून गेला होता.

२९ नोव्हेंबर १९४८. मसुद्यातलं कलम ११, पुढे जे १७ होईल. वाक्य छोटं आहे. अस्पृश्यता संपुष्टात आणली आहे, ती कोणत्याही रूपात पाळणं हा गुन्हा. नझिरुद्दीन अहमद शब्दांचा कीस काढू पाहतात. मुनिस्वामी पिल्लै, मनमोहन दास, दाक्षायणी वेलायुधन बोलतात. मग कलम मताला टाकतात, मंजूर होतं आणि बाकांवरून 'महात्मा गांधी की जय'चा घोष उठतो. आंबेडकर बसून आहेत. त्या घोषाकडे पाहताना त्यांच्या मनात येरवड्याचा १९३२ चा करार आला असेल का, हे तुम्हाला विचारता येत नाही.

तुम्ही मराठी आहात, म्हणून एक छोटा फेरा मारून घ्या. पुणे, डिसेंबर १८९५. काँग्रेसचं अधिवेशन. रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मांडवात भरू द्यायची नाही म्हणून शहरात रण पेटलंय, मांडव जाळण्याची भाषा झाली आहे. परिषदेला दुसरीकडे जावं लागतं. आधी सामाजिक की आधी राजकीय, या भांडणात आगरकर त्याच वर्षी जून महिन्यात गेले, टिळक पुरून उरले. त्र्याहत्तर वर्षांची तुमची आत्या आजही या विषयावर जेवणाच्या पानावरून उठून जाते. दिल्लीच्या त्या सभागृहाने या वादाचा निकाल कसा लावला? मांडव राजकीय ठेवला आणि आगरकरांची निम्मी मागणी त्यात कलम म्हणून लिहून टाकली. निम्मीच, कारण तीच सभा कायदेमंडळ म्हणून बसली की हिंदू कोड बिलावर तिचं घोडं पेंड खायला लागे. अस्पृश्यतेविरुद्ध हात वर करणारे घरातल्या लेकीला वाटणी द्यायची म्हटली की शास्त्रं काढत. राजेंद्रप्रसादांचा विरोध तर उघड होता. आंबेडकर सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडतील ते प्रामुख्याने याच बिलापायी.

मग या सगळ्या परंपरावाद्यांना घटनेत काहीच मिळालं नाही का? मिळालं. त्यांच्यासाठी वेगळा भाग होता. २२ नोव्हेंबर १९४८ ला संथानम ग्रामपंचायतींचं कलम आणतात, आंबेडकर फारशी खळखळ न करता घेतात. २४ तारखेला ठाकुरदास भार्गव गोरक्षणाचं कलम मांडतात. ते भार्गवांनी कसं मांडलं ते बघण्यासारखं आहे: शेती आणि पशुपालनाची आधुनिक, शास्त्रीय पद्धतीने उभारणी करण्याच्या ओघात गोहत्याबंदी येते. सेठ गोविंददास, रघुवीर यांना ही आर्थिक मखलाशी पुरत नाही, ते धर्माचंच बोलतात. मग झेड. एच. लारी शांतपणे म्हणतात, बहुसंख्यांना धर्मासाठी हे हवं असेल तर स्पष्ट सांगा, संदिग्ध ठेवू नका. कलम जसं होतं तसं शास्त्रीय पोशाखात मंजूर होतं. पंचायत, गाय, दारूबंदी ही तिन्ही मार्गदर्शक तत्त्वांत गेली, म्हणजे जिथे कोर्टाचा दरवाजा ठोठावता येत नाही तिथे. टी. टी. कृष्णम्माचारी या भागाला भावनांची कचरापेटी म्हणाले, ते तिखट आहे; पण ज्यांना परंपरा हवी होती त्यांनीच ही जागा निमूट स्वीकारली, यातून त्यांचं वजन कळतं.

डाव्यांच्या पदरी तरी काय पडलं म्हणाल तर १५ नोव्हेंबर १९४८ ला डोकावून या. प्राध्यापक के. टी. शहांनी पहिल्याच कलमात 'सेक्युलर, फेडरल, सोशॅलिस्ट' हे शब्द मागितले. आंबेडकरांनी नकार दिला. समाजाची आर्थिक रचना कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवावं, घटनेत कोंबून त्यांचे हात बांधू नयेत. हेच आंबेडकर वीस महिन्यांपूर्वी शेती सरकारी मालकीची करा, ते घटनेतच लिहा, असं निवेदन छापून मोकळे झाले होते. माणूस बदलला असं वकीलसाहेब म्हणतील. आम्ही म्हणू, तेव्हा ते एका पक्षाची मागणी लिहीत होते, आता सगळ्यांची वही.

आता कडू भाग. एप्रिल १९४७, हक्कांच्या अहवालावर चर्चा. सोमनाथ लाहिरी, सभेतले एकटे कम्युनिस्ट, उभे राहून म्हणतात की हे हक्क पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिलेत. हक्क एका हाताने द्यायचा आणि 'परंतु' लावून दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा. फाळणीनंतर लाहिरींची जागाच गेली, त्यामुळे १५ सप्टेंबर १९४९ ला ते नाहीत. त्या दिवशी आंबेडकर प्रतिबंधक स्थानबद्धतेचं कलम मांडतात. खटल्याविना माणसाला तीन महिने आत ठेवता येईल. बक्षी टेकचंद, हायकोर्टाचे माजी न्यायाधीश, संतापून बोलतात की हा स्वातंत्र्य नाकारण्याचा जाहीरनामा आहे. आंबेडकरांचा बचाव असा की आधीच्या कलमातलं रक्षण काढून टाकलं गेलं, त्याची थोडी भरपाई म्हणून निदान काही बंधनं घालतोय. ही भरपाई तुम्हाला पटणार नाही. आम्हांलाही नाही पटत. यंत्र जुनं ठेवण्याच्या ओघात त्याची नखंही ठेवली गेली. १९३५ च्या कायद्यातल्या कलम ९३ चंच बघा ना. त्याखाली १९३९ ते १९४६ मुंबई प्रांतावर गव्हर्नरचा एकहाती अंमल होता. त्याआधीचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर याच सभेत सदस्य आहेत, आणि त्याच कलमाचं भावंड इथे राष्ट्रपती राजवट म्हणून मंजूर होताना दिसतं. ४ ऑगस्ट १९४९ ला आंबेडकर आशा व्यक्त करतात की हे कलम निर्जीवच पडून राहील. तुम्हाला पुढचं माहीत आहे, पण सज्जातून ओरडायची सोय नाही.

नोव्हेंबर १९४९, तिसरं वाचन. म्हैसूरचे के. हनुमंतय्या म्हणतात, आम्हांला वीणा-सतार ऐकायची होती, तुम्ही इंग्रजी बँड लावलात. बाकं वाजतात. खरं सांगायचं तर टाळी घेणारं वाक्य आहे, पण सतार म्हणजे नेमकं काय, हे ना त्यांनी सांगितलं ना त्यांच्या आधीच्या कुणी. गेल्या वर्षापासून देशभर सरकारी कारकून दारोदार जाऊन प्रत्येक प्रौढाचं नाव मतदारयादीत लिहीत आहेत, आणि हे त्या बँडच्या कोणत्या सुरात बसतं? इंग्रजाच्या राज्यात जमीन, कर किंवा शिक्षण दाखवल्यावर मत मिळायचं. ही सभा निवडणाऱ्या प्रांतिक आमदारांना मत देता आलं ते प्रौढांपैकी चौथ्या हिश्श्याहून थोड्या अधिकांना. आता सगळ्यांना. बाया नाव सांगायला तयार नाहीत, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगतात. पहिल्या निवडणुकीत अशी सुमारे २८ लाख नावं गाळावी लागली. तरी यादी १७ कोटींच्या वर गेली. जगातल्या कुठल्याही शहाण्या पुराणमतवाद्याने हे असं एका रात्रीत करा असा सल्ला दिला नसता.

नंदलाल बोस आणि त्यांच्या शिष्यांनी रंगवलेली हस्तलिखित प्रतही बघून घ्या, आलाच आहात तर. २४ जानेवारी १९५० ला सह्या होतात. परंपरा हवी होती ना? ती या पानांच्या माथ्यावर आहे: मोहेंजोदडोचा बैल, गुरुकुल, राम-सीता-लक्ष्मण, बुद्ध, अकबर. निवडणुकांच्या भागावर शिवाजी महाराज आणि गुरु गोविंदसिंग. महाराजांनी कधी मत मागितलं नाही, पण आता दर निवडणुकीत त्यांच्या नावाने मागतात, तेव्हा चित्रकाराची नजर भविष्यात होती असं म्हणायला हरकत नाही.

शेवटचा थांबा मुंबईत आहे, ऑगस्ट १९५९. नव्या 'स्वतंत्र पक्षा'ची परिषद. व्यासपीठाच्या आसपास राजाजी, रंगा, मिनू मसानी आणि कन्हैयालाल मुन्शी, चौघेही कधी ना कधी घटना समितीचे सदस्य. देशाला प्रथमच उघडपणे उजवा म्हणावा असा पक्ष मिळतोय, आणि त्याचा झेंडा कुठला, तर मूळ राज्यघटनेचा! सहकारी शेतीच्या नागपूर ठरावाविरुद्ध ते मालमत्तेच्या हक्काचं, कलम ३१ चं नाव घेतात. वाचताना मात्र बोट अडखळतं, कारण १९५० चं ते कलम तसं उरलेलं नाही. मार्च १९५१ मध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीनसुधारणा कायदा रद्द केला, आणि जूनमध्येच पहिल्या दुरुस्तीने जमीनदारीचे कायदे कोर्टाच्या हाताबाहेर नेऊन ठेवले. ते करणारी संसद म्हणजे तीच घटना समिती, तीच माणसं, फक्त पाटी बदललेली.

पुढे पटेलांनी शब्द दिलेल्या गोष्टी एकेक करून गेल्या. संस्थानिकांचे तनखे १९७१ मध्ये. आयसीएसची हमी १९७२ मध्ये. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने, तोही मोरारजींच्या, म्हणजे काँग्रेसच्या उजवीकडच्या मानल्या गेलेल्या माणसाच्या राज्यात. २० जून १९७९ पासून तो अंमलातून गेला. आणीबाणीत पोळलेल्या त्याच संसदेने त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद लिहिली होती. खटल्याविना अटकेची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणायची आणि सल्लागार मंडळावर न्यायाधीशांची पकड वाढवायची. तिच्या अंमलाची तारीख सरकारने अधिसूचना काढून ठरवायची होती. ती अधिसूचना आजवर एकाही सरकारने काढलेली नाही.